जानेवारीचा कौल

या लेखात मला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. निवृत्त, अविवाहित, प्रकृतीने ठीक आणि स्वतःच्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या बाईने एकटीने आफ्रिकेला जायचे ठरवले, तर तिला नेमके काय अडवते? ती बाई मीच आहे, त्यामुळे प्रश्नाशी माझा संबंध जवळचा आहे. तरीही उत्तर शोधताना मी शक्य तेवढी शिस्त पाळली. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला. पुराव्याशिवाय कारण लिहिणाऱ्या मुलांना मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत. ती सवलत स्वतःला देण्याचे कारण नाही.

आफ्रिकाच का, हे आधी सांगायला हवे.

आमचे गाव आचऱ्याच्या बाजूला, समुद्राकाठी. दर वर्षी मी वर्गाला किनाऱ्यावर नेत असे आणि विचारत असे, "इथून समोर सरळ गेलो तर कोणता देश लागेल?" वर्ग एका आवाजात ओरडे, "आफ्रिका!" त्यावर माझ्या दोन दुरुस्त्या ठरलेल्या होत्या. आफ्रिका हा देश नसून खंड आहे, ही पहिली. आपल्या अक्षांशावरून सरळ पश्चिमेला गेल्यास आधी येमेन लागतो, मग तांबडा समुद्र आणि त्यापलीकडे आफ्रिका, ही दुसरी. एकदा पहिल्या रांगेतल्या मुलीने विचारले, "बाई, तुमी थंय गेल्लास काय?" मी नाही म्हटले. "मगे तुमका कसा कळला?" मी नकाशाकडे बोट दाखवले. वर्ग हसला. माझे उत्तर बरोबर होते, पण तिच्या प्रश्नाचे समाधान त्यात नव्हते, हे मलाही कळत होते.

पूर्व आफ्रिकेतली खचदरी मी फळ्यावर किती वेळा काढली असेल याची मोजदाद नाही. दोन उभ्या भेगा, मधला भूभाग खाली खचलेला, दोन्ही बाजूंना उभे कडे, तळाशी सरोवरे. ही आकृती मी डोळे मिटूनही काढू शकते. बर्फही मी न पाहताच शिकवला, वाळवंटही. पण त्यांची छायाचित्रे पाहून कल्पना करता येते. जमीन फाटून मधला प्रदेश खाली बसतो, ही गोष्ट मला नेहमी ऐकीव वाटत राहिली. केनियात नैरोबीपासून काही अंतरावर रस्ता या दरीच्या काठाकाठाने जातो आणि तिथे उभे राहून खाली पाहता येते, असे मी वाचले होते. मला तेवढेच करायचे होते. सिंह दिसले तर ठीक, न दिसले तरी तक्रार नव्हती.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात मी तयारीला लागले. आधी हवामान पाहिले. तिथे कोरडे काळ दोन: एक जानेवारीच्या सुमारास, दुसरा आपल्याकडे पाऊस असतो तेव्हा. दुसऱ्या काळात पाऊस नसला तरी डोंगरमाथ्यावर थंडी आणि ढग असतात. जानेवारीत आकाश मोकळे असते. ज्याला दरी पाहायची आहे त्याने जानेवारी निवडावा, हे उघड होते. पीतज्वराची लस आमच्या तालुक्यात मिळत नाही, म्हणून एक दिवस गोव्याला जाऊन आले. तिथल्या डॉक्टरांनी माझे वय विचारले आणि म्हणाले, "साठीच्या आत आलात ते बरे केलेत. नंतर ही लस द्यायची म्हणजे आम्हाला जरा विचार करावा लागतो." या लशीचा दाखला आता जन्मभर चालतो. नैरोबीत राहण्याची जागा पाहिली, तिथल्या एका वाहनचालक बाईशी फोनवर बोलले, तिने मला दरीवर नेऊन आणायचे कबूल केले. येथपर्यंत कोणीही मला अडवले नव्हते, कारण कोणालाही काही माहीत नव्हते.

ते माहीत झाले पासपोर्टच्या चौकशीमुळे. हवालदार घरी आले तेव्हा भाऊ अंगणात होता. मी वडिलांच्या घरात धाकटा भाऊ आणि वहिनी यांच्यासोबत राहते. हवालदारांनी खुर्ची ओढून घेतली आणि कार्यालयीन मराठीत सुरुवात केली.

"बाई, परदेशात कोण आहे आपले?"

"कोणी नाही."

"मुलगा, सून?"

"मी लग्न केलेले नाही."

"मग बोलावतंय कोण?"

"कोणीच बोलावलेले नाही. मी जाणार आहे."

त्यांनी पेन थांबवून भावाकडे पाहिले. "साहेब, आपण सोबत आहात ना?"

"माका आताच कळता ह्यां सगळा," भाऊ म्हणाला.

चहा पिताना हवालदार मोकळे झाले. "राग मानू नका बाई, पण मी आमच्या हिला कोल्हापूरलासुद्धा एकटीला सोडत नाही." मी विचारले, "त्यांनी कधी मागितले आहे का?" ते म्हणाले, "तसं विचारलं नाही कधी." चौकशी मात्र त्यांनी व्यवस्थित केली आणि पासपोर्ट वेळेवर आला, हे नमूद करते.

कुठे आणि कधी, हे त्या दिवशी मी भावाला सांगितले नाही; "पासपोर्ट हाताशी असू दे" एवढेच म्हटले. बेत सांगितला तो दिवाळी आटोपल्यावर, दुपारी जेवताना.

"आफ्रिकेत?" भावाने बांगड्याचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "थंय कोण आसा आपला?"

"कोण नाय."

"मगे कित्याक जातंस?"

"बघूक."

"काय बघूक?"

"खचदरी."

"खड्डो बघूक आफ्रिकेत? आपल्या हायवेक काय कमी आसत?"

वहिनी हसली, मीही हसले. विनोद खरोखरच चांगला होता. हसणे ओसरल्यावर वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, जानेवारीत म्हणजे... पावणे आसतत."

इथे पाहुण्यांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आमच्या आवारात भावाने पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आहेत. देवबागेसारखी गर्दी आमच्याकडे नसते, पण डिसेंबर-जानेवारीत एकही खोली रिकामी राहत नाही. मासळी आणि जेवण वहिनी पाहते. मी निवृत्त झाले आणि घरीच असते, म्हणून फोन घेणे, आलेल्यांचे स्वागत, सकाळचे तांदळाचे घावणे, चादरी बदलून घेणे, कोणत्या वेळी भरती आणि कोणत्या वेळी ओहोटी हे समजावणे, समुद्रातल्या किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांची माहिती देणे, हे सारे हळूहळू माझ्याकडे आले. कोणी सोपवले असे म्हणता येणार नाही. ओहोटीनंतर ओल्या वाळूत पाणी जसे आपोआप खड्ड्याकडे येते, तसे ते आले. शाळेत निरोप समारंभ झाला, शाल मिळाली, आणि पुढच्याच हंगामात मी पुन्हा कामावर होते. फरक इतकाच की या कामाला निवृत्तीचे वय नाही.

"तुमी नसल्यार फोन कोण घेतलो?" वहिनी म्हणाली. "ते इंग्लिशीत बोलतत."

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे," मी म्हटले.

"प्रश्न फोनाचो नाय," भाऊ म्हणाला. "बाईमाणूस, एकटा, तां पण परमुलखात. लोक काय म्हणतले?"

मी हे कारण लिहून घ्यावे तसे मनात टिपून ठेवले. कारण एक: बाईने एकटे फिरू नये. याची तपासणी करण्याची संधी मला आठवड्याच्या आतच मिळाली. पुण्याहून एक मुलगी स्कूटरवर आली. एकटीच. किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत जाणार होती. सकाळी ती नाश्त्याला बसली तेव्हा भाऊ तिच्या टेबलापाशी उभा होता. पाहुण्यांशी तो नेहमी प्रमाण मराठीत बोलतो.

"मानलं तुम्हाला, मॅडम! एवढ्या लांब, एकट्या! आमच्या इकडच्या बायकांनी तुमच्याकडून शिकायला पाहिजे."

मी तिच्या ताटात गरम घावणा वाढत होते. तिने वर पाहून विचारले, "काकू, तुम्ही फिरता का हो?"

मी तोंड उघडायच्या आत भावाने उत्तर दिले, "आमच्या ताईला हे सोडून कुठे करमतच नाही!"

मुलगी गोड हसली. मी नारळाच्या रसाची वाटी पुढे सरकवली. बाईने एकटे फिरू नये हे कारण त्या सकाळी मी खोडले. भावाला एकटी बाई चालत होती. एकदा नव्हे, त्या हंगामात अशा कितीतरी एकट्या मुली आमच्या खोल्यांत राहून गेल्या आणि प्रत्येकीला त्याने शाबासकी दिली. तेव्हा अडचण एकटेपणाची नसून दुसरी काही असणार, असा निष्कर्ष मी काढला. ती कोणती हे मला तेव्हा ओळखता यायला हवे होते. पण हाताशी आलेल्या पुराव्यापेक्षा आपल्या माणसावर अधिक विश्वास ठेवण्याची सवय घरात राहणाऱ्या प्रत्येकालाच असते.

मार्गशीर्षात देवाने गावपळणीचा कौल दिला.

ज्यांना ही प्रथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागातल्या काही गावांत काही वर्षांनी एकदा, ग्रामदेवाचा हुकूम झाला की सगळे गाव घरे सोडून वेशीबाहेर जाते. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री, सगळे. घराला कुलूप. चूल थंड. वेशीपलीकडे माडाच्या झापांच्या झोपड्या उभारायच्या आणि तिथे तीन दिवस, तीन रात्री काढायच्या. मग पुन्हा कौल घ्यायचा आणि देव परत या म्हणाला तरच परतायचे. या काळात गावात चिटपाखरू नसते. नोकरीवाले रजा घेतात, दुकाने बंद होतात, कोणी कुरकुर करत नाही. उलट एखाद्या जत्रेसारखा उत्साह असतो.

आमच्या खोल्या त्या दिवसांसाठी आधीच ठरलेल्या होत्या. भावाने मला सगळ्यांना फोन करायला सांगितले. मी एकेकाला सांगत गेले: देवाचे काम आहे, गाव रिकामे राहणार आहे, तुमची सोय होणार नाही. एका गृहस्थांनी आवाज चढवला. भावाने माझ्या हातातून फोन घेतला आणि सांगितले, "साहेब, देवापुढे धंदा नाही." मला त्याचा अभिमान वाटला. हे मी उपरोधाने लिहीत नाही.

झोपड्यांत गजाली रंगल्या. शेजारणी चुलीभोवती बसल्या होत्या. माझा बेत एव्हाना गावात पसरला होता.

"काय बाईंनू, आफ्रिकेचो सराव चललो काय?" एकीने झोपडीच्या छपराकडे हात केला.

दुसरी म्हणाली, "थंय म्हणे वाघ फिरतत रस्त्यार."

"आफ्रिकेत वाघ नाहीत," मी म्हटले. "सिंह आहेत."

"काय ता! खाल्ल्यार वाघ काय नि सिंव काय!"

सगळ्या खदखदून हसल्या. भाऊ बाजूच्या झोपडीत पत्ते कुटत होता. हसणे ऐकून तोही आला. तो फार खुशीत होता. कोंबड्यांची खुराडी स्वतः उचलून आणली होती, भजनात टाळ धरला होता. मला वाटले, बोलायचे तर हीच वेळ. मी शेजारणींसमोरच त्याला विचारले.

"घराक कुलूप, खोल्यो बंद, पावणे परत धाडले. काय झाला?"

"काय होवचा?" तो म्हणाला. "काय नाय."

"मगे माझ्या जाण्यान काय होतला?"

त्याचा चेहरा जरा बदलला. "ताये, ह्यो देवाचो हुकूम. तुझो तो हट्ट."

 एका म्हातारीने चुलीत लाकूड पुढे सारले. मग भाऊच, जणू वाद मिटवण्याचा सोपा मार्ग सापडल्यासारखा म्हणाला, "असा करूया. देवाकच इचारूया. देव हो म्हणालो, तर मी स्वतः तुका विमानतळार सोडूक येतलंय. कबूल?"

"कबूल," मी म्हटले.

शेजारणींनी मान डोलावली. न्याय्य वाटावे असेच ते होते. मलाही तसेच वाटले. मी अनेक वर्षे प्रश्नपत्रिका काढल्या. परीक्षेला बसण्यापूर्वी प्रश्न कोण काढणार आहे हे विचारावे, एवढे मला सुचले नाही. आमच्याकडे ते कोणालाच सुचत नाही. कौल देव देतो, याकडेच सगळ्यांचे लक्ष असते. देवापुढे गाऱ्हाणे घालणारा माणूस काय मागतो आहे, हे बारकाईने ऐकण्याची आम्हाला सवय नाही. आम्ही प्रत्येक वाक्यावर "व्हय म्हाराजा" म्हणून मोकळे होतो.

गाव परत आल्यावर एका सकाळी आम्ही देवळात गेलो. गुरवाने पाषाणाला पाणी घातले आणि त्यावर फुलांच्या पाकळ्या लावल्या, काही उजव्या अंगाला, काही डाव्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. भाऊ हात जोडून उभा राहिला. घरचा कर्ता म्हणून गाऱ्हाणे त्याने घालायचे होते.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हटले.

"आज तुझ्या पायाकडे गाऱ्हाणा घालतंव. ही तुझी लेक घर सोडून परमुलखात जावक बघता..."

"व्हय म्हाराजा!"

"ती गेल्यार घराक, गुरावासरांक, आणि तू दिलेल्या ह्या धंद्याक कसलीच झळ लागाची नाय, असा जर आसात, तर उजवो कौल दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मी म्हटले नाही, कारण मी ऐकत होते.

डावी पाकळी घसरली. "डावो," गुरव म्हणाला.

परीक्षक म्हणून सांगते, तो प्रश्न सदोष होता. एका प्रश्नात तीन प्रश्न कोंबले होते आणि तिन्हींचे उत्तर हो असेल तरच हो मिळणार होते. त्याहून मोठा दोष असा की ज्या गोष्टीचा कौल घ्यायला आम्ही आलो होतो, ती प्रश्नात नव्हतीच. माझा प्रवास सुखरूप होईल का, हे विचारले गेले नाही. मी जावे का, हेही नाही. माझ्या गैरहजेरीत घराला, गुरांना किंवा धंद्याला झळ लागेल का, एवढेच विचारले होते. आणि त्याचे उत्तर द्यायला देवाला पाषाणातून जागे करण्याची गरज नव्हती. मी नसताना फोन कोणी घेणार नव्हते. झळ लागणारच होती.

"माझा प्रश्न वेगळा आहे," मी गुरवाला म्हटले. "तो विचारा."

गुरवाने माझ्याकडे न पाहता भावाकडे पाहिले.

"देवाची परीक्षा घेतंस काय गो?" भाऊ म्हणाला. "एकदा दिलो तो दिलो."

हा नियम मला नवा होता. खोल्या बांधायच्या आधी भावाने याच देवळात कौल लावला होता आणि तेव्हा मी शेजारी उभी होते. पहिला कौल डावा पडला. त्याने विचारले, दार फिरवून घेतले तर चालेल का? पुन्हा डावा. मग विचारले, आवारातल्या राखणदाराच्या जुन्या जागेवर नारळ ठेवून सुरुवात केली तर? उजवा पडला, आणि आम्ही सगळ्यांनी आनंदाने व्हय म्हाराजा म्हटले. धंद्याला नकार मिळाला तेव्हा अडचण कुठे आहे हे देवाला पुन्हा पुन्हा विचारता येत होते. बहिणीला मिळाला तेव्हा तो अखेरचा शब्द झाला. मी हे तिथेच बोलून दाखवले. भाऊ म्हणाला, "ती गोष्ट येगळी." गुरव पुढच्या माणसासाठी पाकळ्या ओल्या करू लागला.

मी जानेवारीत गेले नाही. मी देव मानते की नाही हा इथे मुद्दा नाही. मी गावात राहते, आणि गाव देव मानते. कौल मोडून गेलेल्या बाईच्या मागे घरात गाय आजारी पडली, वहिनी घसरली, एखादा पाहुणा भांडून गेला, तरी त्याचे कारण पुढची अनेक वर्षे माझ्या नावावर राहिले असते, आणि परत येऊन मला त्याच ओटीवर बसायचे होते. शेजारणींसमोर मी कबूल म्हटले होते. नैरोबीतल्या वाहनचालक बाईला मी निरोप पाठवला की येणे जमत नाही. तिने उत्तर दिले, काही हरकत नाही, दरी कुठे जात नाही. दयाळू उत्तर होते. मला ते सहन झाले नाही.

त्या महिन्यात आमच्या सगळ्या खोल्या भरलेल्या होत्या. सकाळी घावणे घालता घालता मी फोनवर नैरोबीचे हवामान पाहत असे. आकाश निरभ्र. रोज निरभ्र. मग फोन वाजे, आणि मी कोणाला तरी भरतीची वेळ सांगे.

शिमगा झाला, हंगाम ओसरला, आंबे आले आणि संपले. माझ्या डोक्यातला प्रश्न मात्र सुटला नव्हता. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या एक सहकारी बाई मुलांना सांगत, कारण शोधायचे असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळे तसेच ठेवा. मी तेच करायचे ठरवले. देश तोच, मुक्काम तेवढाच, प्रवासी तीच आणि एकटीच. फक्त महिना बदलायचा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, खोल्यांवर ताडपत्र्या चढल्या, आणि एका दुपारी भाऊ फोनवर काहीतरी पाहत बसला असताना मी म्हटले, "जुलैच्या अखेरीक आफ्रिकेक जावचा म्हणतंय."

त्याने मान वर केली नाही. "भाताची लावणी आटापल्यार मा?"

"हो."

"जा मगे. गणपतीच्या चवथीक येशील मा पण?"

"येईन."

वहिनी आतून म्हणाली, "पावसात खोल्यो बंदच आसतत. जावा तुमी, वन्सं. सोयेटर घेवा, थंय थंडी आसतली."

 मला वाटले होते पुन्हा वाद होईल, पुन्हा परमुलूख, बाईमाणूस, लोक काय म्हणतील. मी उत्तरे तयार ठेवली होती. त्यांतले एकही लागले नाही. शेवटी मीच विचारले, "आणि कौल?"

"कसलो कौल?"

"देवाचो. डावो पडललो."

"तो जानेवारीचो होतो गो," भाऊ म्हणाला, आणि फोनवरचे बोट पुढे सरकवले.

मी ते वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिले. मग मला जे म्हणायचे होते ते म्हटले: "म्हणजे माका देवान अडवूक नाय. पावण्यांनी अडवला."

आता त्याने मान वर केली. "तसा नाय गो, ताये..." एवढे म्हणून त्याने फोन बाजूला ठेवला. तो खोटे बोलणारा माणूस नाही. वहिनी दारात आली आणि म्हणाली, "वन्सं, उगाच वाकडा काढू नकात. जावक सांगल्यानी मा?" सांगितले होते, हे खरेच होते.

आता निष्कर्ष. जानेवारी आणि जुलै यांमध्ये केनियाचे अंतर बदललेले नाही. सिंह तेवढेच आहेत. लोकांची तोंडे तीच आहेत. माझे वय थोडे वाढले आहे, म्हणजे धोका असलाच तर तो किंचित जास्त आहे. देव तोच आहे आणि त्याला कोणी पुन्हा विचारलेले नाही. बदलली ती एकच गोष्ट: जुलैत आमच्या खोल्या रिकाम्या असतात. यावरून मला काय अडवत होते, याचे उत्तर मिळते. मला माझ्या हातांनी अडवले होते, सकाळी घावणे घालणाऱ्या आणि फोन उचलणाऱ्या. काळजी, अब्रू, देव, ही नावे आम्ही त्यांना दिली होती. भावानेही आणि, मी त्याच्यावर विश्वास ठेवला म्हणून, मीही.

भाऊ वाईट माणूस नाही, हे लिहिल्याशिवाय माझे उत्तर अपुरे राहील. तो मला विमानतळावर सोडायला येणार आहे. बाजारात तो सर्वांना सांगतो, "आमची ताय आफ्रिकेक जाता, एकटीच!" आणि तेव्हा त्याचा आवाज त्या पुण्याच्या मुलीशी बोलतानाचा असतो. मी ते ऐकते. पूर्वी मला ते ऐकायला आवडले असते. आता मला त्यात माझी किंमत ऐकू येते, आणि ती हंगामाप्रमाणे बदलते हे विसरता येत नाही.

तिकीट काढले आहे. मी जाणार आहे. जुलैच्या अखेरीस तिथे पाऊस नसतो, पण दरीच्या काठावर सकाळी ढग उतरतात आणि कधी कधी दिवसभर हटत नाहीत, असे त्या वाहनचालक बाईने प्रामाणिकपणे कळवले आहे. दरी दिसेल की नाही, हे सांगता येत नाही. दिसण्याची खात्री असलेला महिना माझ्या वाट्याचा नव्हता.

माझ्या प्रयोगात एक उणीव राहिली आहे, तीही सांगते. जुलैचा बेत मी जानेवारीच्या नंतर सांगितला. मधल्या काळात घरच्यांना या कल्पनेची सवय झाली असेल, आणि होकार त्यामुळे आला असेल, असे कोणी म्हणू शकते. शिवाय हा एका घराचा, एका बाईचा, एकदाच घेतलेला अनुभव आहे. म्हणून माझे उत्तर मी सांगितले एवढ्यावरून स्वीकारू नये. तुमच्या घरात जी बाई कुठे जात नाही, तिच्या जाण्याचा बेत आधी कामाच्या दिवसांसाठी मांडा आणि मग रिकाम्या दिवसांसाठी. किंवा क्रम उलटा करा. बाकी काहीही बदलू नका. दोन्ही वेळा घरच्यांनी दिलेली कारणे शेजारी शेजारी ठेवा आणि कृपया स्वतः तपासून पाहा.